लिहिले ते सापडले पाहिजे!

कागदावर लेखणीने लिहायचे आणि तेच अक्षर संगणकातही उमटायचे, ही डिजिटल नोटपॅडची करामत आता नवी राहिलेली नाही. मात्र टिपलेली नोंद वेळेवर हाती लागते का, आणि दहा वर्षांनी ती उघडता येईल का, या दोन कसोट्या अधिक महत्त्वाच्या आहेत. देवनागरीत लिहिणाऱ्यांनी अशा वहीकडून काय अपेक्षा ठेवावी आणि स्वतः काय करावे, याचा हा परामर्श.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका पाणीपुरवठा योजनेच्या बैठकीचा वृत्तान्त प्रस्तुत लेखकाने दिला होता. तो छापून आल्यावर आठ महिन्यांनी कार्यालयात एक पत्र दाखल झाले. वृत्तान्तात दिलेला खर्चाचा आकडा बैठकीत कोणी उच्चारलाच नव्हता, असे त्यात ठामपणे म्हटले होते. वृत्तसंपादकांनी एकच प्रश्न विचारला, ‘वही कुठे आहे?’ आकडा स्वतःच्या कानांनी ऐकलेला होता, स्वतःच्या हाताने टिपलेला होता. पण कपाटात एकसारख्या दिसणाऱ्या तीसेक वह्या होत्या आणि त्यांपैकी एकीवरही तारीख नव्हती. हवे ते पान सापडले पाचव्या दिवशी. तोपर्यंत खुलासा छापून झाला होता. पानावर आकडा बरोबर होता, बोलणाऱ्याचे नावही होते. परंतु त्याचा आता काही उपयोग नव्हता.

नोंद केलेली होती, पण ती वेळेवर सापडली नाही, म्हणून ती नसल्यासारखीच ठरली. हा अनुभव केवळ बातमीदाराचा नाही. गृहनिर्माण संस्थेच्या सभेचे टिपण ठेवणारे सचिव, अशिलाचे म्हणणे उतरवून घेणारे वकील, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा विद्यार्थी, आईच्या औषधांच्या वेळा लिहून ठेवणारी मुलगी, या सर्वांना कधी ना कधी ‘कुठेतरी लिहिले होते खरे’ असे म्हणावे लागतेच. डिजिटल नोटपॅड या अडचणीवरील उपाय म्हणून विकले जाते. तो उपाय कितपत खरा आहे, हे समजण्यासाठी प्रथम ही वही चालते कशी, ते पाहू.

पाटी, ठिपके आणि पडदा

हाताने लिहिलेले संगणकात उतरवण्याचे प्रयत्न जुने आहेत. अमेरिकेतील रँड कॉर्पोरेशनने १९६४ मध्ये लेखणीने रेघ ओढता येईल अशी पाटी संगणकाला जोडली होती. सर्वसामान्यांच्या हाती मात्र अशी साधने येण्यास नव्वदचे दशक उजाडावे लागले. आज त्यांचे ढोबळमानाने तीन प्रकार पाहावयास मिळतात.

पहिला प्रकार कागदाखालच्या पाटीचा. पेन बनवणारी ए. टी. क्रॉस आणि संगणक क्षेत्रातील आयबीएम या कंपन्यांनी १९९८ मध्ये ‘क्रॉसपॅड’ बाजारात आणले. त्यात वर नेहमीचा कागदी पॅड, खाली लेखणीची जागा ओळखणारी पाटी, अशी योजना होती. पुढे तैवानच्या एसकॅडचे ‘डिजिमेमो’ आणि २०१६ मध्ये जपानच्या वॅकॉमची ‘बांबू स्लेट’ याच वाटेने आली. या प्रकारात लिहिणाऱ्याची सवय मोडत नाही, मूळ कागदही हाती राहतो. एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे लागते. कागद उलटला, की पाटीवरील बटण दाबून तिला ‘नवे पान’ असे सांगावे लागते. कागद उलटल्याचे पाटीला आपोआप कळत नाही. प्रस्तुत लेखकाने पहिल्याच महिन्यात एका परिसंवादात हे बटण दाबले नाही आणि दोन वक्त्यांची वाक्ये संगणकात एकमेकांवर चढली. कागद जपून ठेवला होता, म्हणून निभावले.

दुसरा प्रकार ठिपक्यांच्या कागदाचा. स्वीडनमधील अ‍ॅनोटो या कंपनीने तो विकसित केला. या वहीचे पान दुरून फिकट करडे दिसते. वस्तुतः त्यावर सुमारे ०.३ मिलिमीटर अंतराने बारीक ठिपके छापलेले असतात. प्रत्येक ठिपका आपल्या ठरलेल्या जागेपासून चारपैकी एका दिशेला किंचित सरकवलेला असतो. सहा ठिपके रुंद आणि सहा ठिपके उंच एवढा चौकोन पाहिला, तरी तो कोणत्या पानाचा कोणता भाग आहे, हे ओळखता येते. लेखणीच्या टोकाजवळील सूक्ष्म कॅमेरा हे ठिपके सतत टिपत असतो. पानाची ओळख पानावरच छापलेली असल्याने बटण दाबण्याची गरज उरत नाही. याच तंत्रावर आधारलेली ‘पल्स’ ही लेखणी लाइव्हस्क्राइब कंपनीने २००८ मध्ये आणली. तिच्यात ध्वनिमुद्रणाचीही सोय होती. लिहिलेल्या एखाद्या शब्दावर टोक टेकवले, की तो शब्द लिहिताना समोरची व्यक्ती काय बोलत होती, ते ऐकू येई. मुलाखती घेणाऱ्यांसाठी ही सोय मोलाची ठरली. अर्थात, ध्वनिमुद्रण सुरू आहे हे समोरच्याला आधी सांगावे, हा शिष्टाचार तेव्हाही होता आणि आजही आहे. या प्रकाराची मर्यादा अशी, की ठिपक्यांची खास वही संपली आणि ती मिळेनाशी झाली, तर लेखणी केवळ पेन म्हणून उरते.

तिसरा प्रकार कागदाविना चालणाऱ्या पडद्याचा. अ‍ॅपलने २०१५ मध्ये आयपॅडसाठी ‘पेन्सिल’ आणली. नॉर्वेच्या रिमार्केबल कंपनीची ई-इंकवर चालणारी वही २०१७ मध्ये आली आणि २०२२ मध्ये अ‍ॅमेझॉननेही ‘किंडल स्क्राइब’ आणून या बाजारात प्रवेश केला. ई-इंकच्या पडद्यात सूक्ष्म कुप्या असतात आणि त्यांत विरुद्ध विद्युत्भाराचे काळे-पांढरे कण तरंगतात. विजेच्या साहाय्याने काळे कण वर आणले, की तेथे अक्षर उमटते. एकदा उमटलेले अक्षर टिकवण्यास वीज लागत नाही, त्यामुळे ही वही एकदा चार्ज केल्यावर कित्येक दिवस चालते. उन्हात ती वाचता येते आणि डोळ्यांवर झगमगाट येत नाही. मात्र पाने झरझर उलटणे किंवा चित्रे पाहणे यासाठी ती संथ वाटते.

रेघेमागचे आकडे

तिन्ही प्रकारांत मूळ काम एकच असते. लेखणीचे टोक क्षणाक्षणाला पानावर नेमके कोठे आहे, हे मोजून ते आकड्यांत साठवायचे. आडवे अंतर, उभे अंतर, वेळ आणि अनेक साधनांत लेखणीवरील दाबही, अशी ही नोंद असते. वॅकॉमच्या पद्धतीत पाटीखाली तारांची जाळी असते. तिच्यातून निघणाऱ्या क्षीण चुंबकीय लहरी लेखणीतील वेटोळ्याला ऊर्जा देतात आणि ते वेटोळे उलट संदेश पाठवते. त्यामुळे अशा लेखणीत बॅटरी घालावी लागत नाही.

येथे एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. मोबाइलच्या कॅमेऱ्याने वहीच्या पानाचे छायाचित्र काढले, तर अक्षर कसे दिसते एवढेच कळते. डिजिटल नोटपॅडला मात्र अक्षर कसे लिहिले गेले, म्हणजे कोणती रेघ आधी आणि कोणती नंतर, हेही ठाऊक असते. हस्ताक्षर ओळखून त्याचे छापील मजकुरात रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरला याच क्रमाची मोठी मदत होते. तरीही हे काम सोपे नाही. अ‍ॅपलने १९९३ मध्ये आणलेल्या ‘न्यूटन’ या साधनाच्या अक्षर ओळखण्याची इतकी थट्टा झाली, की पुढील आवृत्त्यांत बरीच सुधारणा होऊनही ते नाव सावरले नाही. १९९८ मध्ये ते बंद करण्यात आले. तेव्हापासून तंत्र खूप पुढे गेले आहे, परंतु ही प्रगती सर्व लिप्यांच्या वाट्याला सारखी आलेली नाही.

देवनागरीची परीक्षा

रोमन लिपीत अक्षरे डावीकडून उजवीकडे एकामागून एक येतात. देवनागरीत तसे होत नाही. ‘किती’ लिहिताना वेलांटी डावीकडे येते, पण उच्चारात ती ‘क’नंतर असते, शिवाय कोणी ती आधी काढतो, कोणी नंतर. ‘सूर्य’ शब्दातील रफार उच्चारात ‘य’च्या आधी आणि लिहिताना सर्वांत शेवटी, तोही वर. जोडाक्षरांत व्यंजने कधी शेजारी, कधी एकाखाली एक बसतात. शिरोरेघेची कथा तर निराळीच. कोणी प्रत्येक अक्षरावर ती देतो, कोणी शब्द पूर्ण झाल्यावर एकच लांब रेघ मारतो, तर घाईत लिहिणारे ती देतच नाहीत. शिरोरेघ गाळली, की ‘धन’ आणि ‘घन’, ‘भात’ आणि ‘मात’ यांतील फरक अंदाजाने ओळखावा लागतो. माणूस तो संदर्भाने ओळखतो. यंत्राला मात्र तसा संदर्भ आणि पुरेसे नमुने पुरवावे लागतात.

आकड्यांची अडचण त्याहून धोक्याची आहे. मराठी माणसाच्या वहीत देवनागरी आणि इंग्रजी आकडे सर्रास एकत्र नांदतात. हाताने लिहिलेला मराठी ‘१’ इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि ‘५’ हा इंग्रजी चारसारखा. ‘१५ लाख’ ही नोंद यंत्राने ‘चौऱ्याण्णव लाख’ अशी वाचली, तर सभेचा वृत्तान्त, हिशेब किंवा औषधाचे प्रमाण काहीही बिघडू शकते. यंत्राने वाचून दिलेला प्रत्येक आकडा मूळ हस्ताक्षराशी ताडून पाहावा, हा नियम म्हणूनच पाळावा.

देवनागरीसाठी प्रयत्न झालेच नाहीत, असे नव्हे. गूगलने २०१५ मध्ये अँड्रॉइड फोनसाठी हस्ताक्षराने मजकूर भरण्याची सोय केली, तेव्हा ८२ भाषांत देवनागरीचाही समावेश होता. परंतु फोनच्या पडद्यावर बोटाने एकेक शब्द सावकाश लिहिणे वेगळे आणि घाईत भरलेली पानेच्या पाने ओळखणे वेगळे. त्यामुळे नोटपॅड घेण्यापूर्वी ओळखता येणाऱ्या भाषांच्या यादीत मराठी आहे का, हे स्वतः तपासावे. ‘हिंदी चालते म्हणजे मराठीही चालेल’ या आश्वासनावर विसंबू नये. मराठीतील ‘ळ’ आणि ‘ऱ्य’ दुकानातच लिहून पाहावेत. शक्यतो नमुन्याचे सुबक अक्षर न काढता नेहमीच्या वेगाने एक परिच्छेद लिहावा.

हातानेच कशासाठी?

इतका खटाटोप करण्यापेक्षा सरळ टंकलेखन का करू नये, असा प्रश्न कोणी विचारील. प्रिन्स्टन विद्यापीठातील पॅम म्युलर आणि कॅलिफोर्निया विद्यापीठातील डॅनियल ओपेनहायमर यांचा याविषयीचा अभ्यास २०१४ मध्ये गाजला होता. लॅपटॉपवर टिपणारे विद्यार्थी वक्त्याचे शब्द जसेच्या तसे उतरवतात, तर हाताने लिहिणाऱ्यांना निवड करावी लागते आणि त्यामुळे विषय अधिक समजतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. मात्र २०१९ आणि २०२१ मध्ये अन्य संशोधकांनी हाच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा इतका स्पष्ट फरक आढळला नाही. त्यामुळे हाताने लिहिले की बुद्धी तल्लख होते, अशा जाहिरातींवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये.

हाताने लिहिण्याची व्यावहारिक कारणे मात्र पुरेशी आहेत. नकाशा, बाण, समीकरण, वंशावळ हे सारे लेखणीने झटपट काढता येते. मराठी टंकलेखनाचा सराव नसलेल्यांची संख्या मोठी आहे. शिवाय उघडलेल्या लॅपटॉपच्या पलीकडून बोलण्यापेक्षा वही घेऊन बसलेल्या माणसापाशी लोक मोकळेपणाने बोलतात, असा बातमीदारांचा नेहमीचा अनुभव आहे.

टिपणाची शिस्त

यंत्र अक्षर साठवते. त्याची जागा मात्र आपणच ठरवावी लागते. देवनागरी ओळखण्याची सोय जेथे भरवशाची नाही, तेथे तर ही जबाबदारी पूर्णतः लिहिणाऱ्यावर येते. अनुभवातून उपयुक्त ठरलेली काही पथ्ये अशी :

प्रत्येक पानाच्या डोक्यावर तारीख, ठिकाण आणि बोलणाऱ्याचे नाव लिहावे. ही सवय कागदी वहीलाही तितकीच लागू आहे.

एका पानावर एकच विषय घ्यावा. डिजिटल वहीत पाने संपत नाहीत, त्यामुळे उरलेल्या जागेत दुसरा विषय कोंबण्याची काटकसर येथे नुकसानीची ठरते.

पानाचे उभे दोन भाग करावेत. उजवीकडे मुख्य टिपण आणि डावीकडील अरुंद पट्टीत नंतर सुचलेले प्रश्न व खुणेचे शब्द लिहावेत, तळाशी दोन ओळींत सारांश द्यावा. अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठातील वॉल्टर पॉक यांनी रूढ केलेली ही पद्धत आजही विद्यार्थ्यांना उपयोगी पडते. पाने चाळताना केवळ डावी पट्टी पाहिली, तरी हवा तो मजकूर सापडतो.

फाइलला नाव देताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस आणि त्यानंतर विषय असा क्रम ठेवावा. तसे केल्यास संगणक फाइली आपोआप कालक्रमाने लावतो. हे नाव मात्र कळफलकावरून टंकित करावे. हस्ताक्षर यंत्राला वाचता आले नाही, तरी टंकित नाव शोधता येते.

फोल्डर मोजके ठेवावेत. पन्नास कप्पे केले, की कोणती नोंद कोणत्या कप्प्यात टाकली हेच आठवत नाही. पाच-सहा कप्पे आणि प्रत्येक नोंदीला दोन-तीन खुणेचे शब्द एवढी व्यवस्था पुरेशी होते.

शेवटचे आणि सर्वांत महत्त्वाचे, म्हणजे त्याच दिवशी संध्याकाळी दहा मिनिटे द्यावीत. अर्धवट शब्द पूर्ण करावेत, आकडे तपासावेत, नावे द्यावीत. आठवडाभराने स्वतःचेच अक्षर परके वाटते.

ज्यांना एवढी खरेदी आजच करावयाची नाही, त्यांनी साध्या वहीला पानांचे क्रमांक द्यावेत, पहिली दोन पाने अनुक्रमणिकेसाठी सोडावीत आणि महत्त्वाची पाने मोबाइलने टिपून वरील पद्धतीने नावे द्यावीत. महिनाभर हे जमले, तर डिजिटल नोटपॅड कामाचे ठरेल. जमले नाही, तर महागड्या नोटपॅडमध्येही तोच गोंधळ होईल.

दहा वर्षांनी काय?

पुण्याच्या पेशवे दप्तरातील मोडी कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. मोडीत आधी ओळभर रेघ ओढून तिला अक्षरे लटकवण्याची रीत होती. ती लिपी वाचणारे आज थोडे उरले असले, तरी कागद शाबूत आहे आणि जाणकाराला तो वाचता येतो. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात या दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध होऊ शकले, ते कागद टिकले होते आणि त्यांतून हवे ते निवडून काढण्याचे कष्ट कोणीतरी घेतले म्हणून.

आपल्या डिजिटल टिपणांबाबत असा भरवसा देता येईल का? अनेक नोटपॅड आपली पाने स्वतःच्याच खास स्वरूपात साठवतात. कंपनीने सेवा बंद केली, सॉफ्टवेअर नव्या संगणकावर चालेनासे झाले, की अक्षर असूनही दिसत नाही. ‘क्रॉसपॅड’ आणि ‘न्यूटन’ दोन्ही कधीच बाजारातून गेले आहेत. डिजिटल शाईच्या नोंदीसाठी ‘इंकएमएल’ हे खुले स्वरूप डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने २०११ मध्ये प्रमाणित केले खरे. परंतु ग्राहकाच्या दृष्टीने सर्वांत सोपा मार्ग पीडीएफचा आहे. पीडीएफ २००८ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि कोणा एका यंत्रावर अवलंबून नाही. दर महिन्याच्या अखेरीस सर्व पाने पीडीएफमध्ये काढावीत, एक प्रत संगणकावर आणि दुसरी वेगळ्या डिस्कवर ठेवावी. जे नोटपॅड आपली पाने अशी बाहेर काढू देत नाही, किंवा त्यासाठी दरमहा वर्गणी मागते, ते घेताना दोनदा विचार करावा.

गोपनीयतेचेही भान हवे. अनेक साधने लिहिलेले पान इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरवर पाठवतात. रुग्णाची माहिती, अशिलाचे म्हणणे किंवा बातमीदाराला विश्वासाने मिळालेले नाव तेथे जावे का, हे आधी ठरवावे. आपोआप पाठवण्याची सोय बंद करता येते का, साधनाला पासवर्ड लावता येतो का, हे खरेदीपूर्वी विचारावे. बँकेचे पासवर्ड तर कोणत्याच वहीत लिहू नयेत.

प्रस्तुत लेखकाच्या कपाटातील त्या तीस वह्या अजून तेथेच आहेत. फरक इतकाच, की एका सुट्टीत बसून प्रत्येकीच्या पुठ्ठ्यावर पहिली आणि शेवटची तारीख लिहिली आहे आणि महत्त्वाची पाने मोबाइलने टिपून संगणकात वर्षवार लावली आहेत. नवी टिपणे नोटपॅडवर होतात, त्यांचा कागदही फेकला जात नाही. मध्यंतरी पुन्हा एका बातमीतील आकड्याविषयी विचारणा झाली. वृत्तसंपादकांनी वही मागितली, तेव्हा ते पान त्यांच्यासमोर ठेवण्यास चार मिनिटे लागली. त्या बातमीचा खुलासा छापावा लागला नाही.